गरोदरपणात दोघांनी निवांत क्रूझला जायचंय: कोणती बोट, कोणते दिवस?

रानजाई, पुणे

नमस्कार मंडळी. माझं पहिलंच बाळंतपण आहे आणि नुकतेच पंधरा आठवडे पूर्ण झाले. शेवटच्या पाळीची तारीख १० ऑगस्ट, त्यामुळे डॉक्टरांनी १७ मे ही तारीख दिली आहे. पहिले तीन महिने उलट्यांनी पार हैराण केलं होतं. आता जेवण जातंय, झोपही लागतेय. फेब्रुवारीपासून नवऱ्याच्या कामाची धावपळ सुरू होईल आणि बाळ आल्यावर दोघांना असा मोकळा वेळ लवकर मिळणार नाही. म्हणून त्याआधी तीन-चार दिवस कुठेतरी शांत राहून यावं असं दोघांच्याही मनात आहे.

क्रूझ सुचली कारण रोज सामान बांधायचं नाही, हॉटेल बदलायचं नाही, पाय दुखले की खोलीत जाऊन आडवं व्हायचं आणि समुद्र बघत बसायचं. नवऱ्याने तीन पर्याय काढलेत: मुंबईहून गोवा-लक्षद्वीप, सिंगापूरहून मलेशियातल्या पेनांगकडची छोटी सफर, आणि दुबई-अबू धाबी-दोहा. आमच्या डॉक्टर म्हणाल्या, सगळं नीट चाललंय, जायला हरकत नाही, पण तिकिटं काढण्याआधी मला दाखवा.

मला घाटात गाडी लागते, त्यामुळे बोट लागेल ही मोठी धास्ती आहे. सासूबाईही काळजीत आहेत. कॅसिनो, डीजे यात आम्हाला रस नाही. ज्यांना माहिती आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

बंदरावरचा, रत्नागिरी

अभिनंदन ताई! मी बरीच वर्षं क्रूझ जहाजांवर हॉटेल विभागात नोकरी केली आहे, त्यामुळे प्रवासी काय विचारतात आणि काय विचारायचं राहून जातं हे दोन्ही जवळून पाहिलंय.

बोटीचं नाव बाजूला ठेवा, आधी कॅलेंडर काढा. जगातल्या बहुतेक मोठ्या क्रूझ कंपन्यांचा नियम चोविसाव्या आठवड्याशी बांधलेला आहे. तोही निघण्याच्या दिवशी मोजत नाहीत. सफरीच्या शेवटच्या दिवसापर्यंत कुठल्याही क्षणी ती रेषा ओलांडली जाणार असेल, तर बोटीवर घेत नाहीत. बंदरावर चेक-इनला आरोग्याचा फॉर्म भरून घेतात. तिथे कागद नीट नसेल तर परत पाठवतात आणि पैसेही सहसा मिळत नाहीत. अशी रडत परत गेलेली जोडपी मी पाहिली आहेत.

आता बारकावा बघा. 'चोविसावा आठवडा लागला' आणि 'चोवीस आठवडे पूर्ण झाले' यात सात दिवसांचा फरक आहे. तेवीस आठवडे पूर्ण झाले की चोविसावा लागतो. तुमच्या तारखेने तो १८ जानेवारीला लागतो आणि चोवीस आठवडे पूर्ण होतात २५ जानेवारीला. कंपन्यांची वाक्यरचना वेगवेगळी असते, एजंट फोनवर 'चोवीस आठवडे चालतं' असं ढोबळ सांगून मोकळा होतो. म्हणून १७ जानेवारीच्या आत बोटीवरून उतरलेलं असायचं असं धरून चाला, आणि ज्या बोटीने जाणार तिचा नियम ईमेलवर लेखी मागवा.

हा नियम प्रवाशांना त्रास द्यायला केलेला नाही. जहाजावर दवाखाना असतो, डॉक्टर असतो, नर्स असतात. ईसीजी, एक्स-रे, काही रक्त तपासण्या, ऑक्सिजन, बऱ्याच ठिकाणी व्हेंटिलेटरही असतो. हृदयविकाराचा झटका आलेल्या माणसाला किनाऱ्यापर्यंत सांभाळण्याची तयारी असते. पण स्त्रीरोगतज्ज्ञ नसतो, बाळंतपणाची शस्त्रक्रिया करण्याची सोय नसते आणि रक्तपेढी नसते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला ठेवायची काचेची पेटीही नसते. साधारण चोविसाव्या आठवड्यापासून जन्मलेलं बाळ चांगल्या इस्पितळात वाचू शकतं, भर समुद्रात ते शक्य नाही. हेलिकॉप्टर येतं, पण अंतर आणि हवामान जुळलं तरच.

डॉ_गुलबक्षी, कोल्हापूर

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. इथे लिहिते ते सर्वसाधारण आहे, तुमच्या डॉक्टरांचा शब्द शेवटचा.

बंदरावरचा यांनी एक टोक सांगितलं, मी दुसरं सांगते. अठरा ते बावीस आठवड्यांच्या दरम्यान एक सविस्तर सोनोग्राफी होते, तिला आपण अ‍ॅनोमली स्कॅन म्हणतो. बाळाचे अवयव, वार (प्लासेंटा) कुठे आहे, गर्भाशयाच्या मुखाची लांबी, हे त्यात दिसतं. वार खाली मुखावर असेल किंवा मुख आखूड दिसत असेल, तर मी प्रवासाला सरळ नको म्हणते. म्हणून हे स्कॅन होईपर्यंत पैसे अडकवू नका. तुमचे एकोणीस आठवडे २१ डिसेंबरला पूर्ण होतात. त्या आठवड्यात स्कॅन झालं तर तिथून १७ जानेवारीपर्यंतचा काळ तुमचा. उलट्या थांबलेल्या, पोट फार जड नाही, गर्भपाताचा धोका मागे पडलेला. प्रवासाला यापेक्षा बरे दिवस गरोदरपणात नसतात.

जुळी, रक्तस्राव झालेला, मुखाला टाका घातलेला, आधीचं बाळंतपण दिवसांआधी झालेलं, रक्तदाब वाढलेला, हिमोग्लोबिन फार कमी: यातलं काहीही असेल तर समुद्र पुढच्या वेळी. तुमच्या पोस्टवरून तसं काही दिसत नाही.

बोट लागण्याबद्दल: दुकानातून स्वतः गोळी घेऊ नका आणि बोटीवर कुणी कानामागे चिकटवायची पट्टी देऊ केली तर लावू नका. गरोदरपणातल्या मळमळीसाठी डॉक्सिलॅमिन आणि पायरिडॉक्सिन एकत्र असलेली गोळी आम्ही नेहमी देतो. तुमच्या डॉक्टरांनी ती पहिल्या तीन महिन्यांत दिलीही असेल. बोटीवर कशी घ्यायची ते त्यांच्याकडून लिहून घ्या. आल्याचा तुकडा किंवा आलेपाक चघळायला हरकत नाही. पोट रिकामं ठेवू नका, मळमळ रिकाम्या पोटी जास्त होते.

सह्यवेडा, नाशिक

मला राहवत नाही म्हणून लिहितो, वाईट वाटून घेऊ नका. घरचे काळजी करतात, आपलं डॉक्टर हाताशी असतं, मग गरोदर बाईने भर समुद्रात जायचंच कशाला? महाबळेश्वर, माथेरान काय वाईट? आमच्या घरी पाचव्या महिन्यानंतर गावाची वेस ओलांडू देत नव्हते आणि त्यात प्रेमच होतं.

डॉ_गुलबक्षी, कोल्हापूर

सह्यवेडा, तुमची काळजी मला समजते. पण रानजाईंना घाटात गाडी लागते, आणि महाबळेश्वरला जायचं तर पसरणीचा घाट चढावा लागणार. माथेरानला दस्तुरी नाक्याच्या पुढे गाडी जात नाही, मिनी ट्रेन किंवा ई-रिक्षा मिळाली नाही तर पायी चाला नाहीतर घोड्यावर बसा, आणि घोडा तर मी अजिबात सांगणार नाही. धोका ठिकाणाच्या नावावरून ठरत नाही. धक्के किती, चढ-उतार किती, आणि गरज पडली तर बाळंतपणाची सोय असलेलं इस्पितळ किती वेळात गाठता येईल, हे विचारायचं. एक शांत बोट रात्री निघून सकाळी मोठ्या शहराच्या धक्क्याला लागत असेल, तर ती काही डोंगरी रिसॉर्टपेक्षा इस्पितळाच्या जवळ असते.

वेंगुर्ल्याची_माई

रानजाई बाळा, सुखरूप राहा. माझं वय आता ऐंशीच्या पुढे. आमच्या काळी मुंबईहून कोकण बोटी सुटायच्या. हर्णै, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला. बाळंतपणाला माहेरी येणाऱ्या लेकी त्याच बोटीने यायच्या, दुसरी वाट कुठली? बऱ्याच बंदरांत बोट काठाला लागायचीच नाही. बाहेर नांगर टाकून उभी राहायची आणि खाली पडाव, म्हणजे छोटी होडी, यायचा. लाटेवर पडाव वर आला की त्याच क्षणी पाय टाकायचा. माझ्या थोरल्या बहिणीला सातव्या महिन्यात खलाशांनी दोन्ही दंड धरून असं उतरवलेलं मी पाहिलंय. आई किनाऱ्यावर हात जोडून उभी होती.

तेव्हा इलाज नव्हता गं. आता तुम्हाला निवड आहे. जिथे बोट धक्क्याला लागते आणि शिडीवरून चालत उतरता येतं तिथेच जा. एवढं एक माझं ऐक.

बंदरावरचा, रत्नागिरी

माई, नमस्कार. तुम्ही जे सांगितलंत तेच मी आजच्या भाषेत सांगणार होतो. याला टेंडर म्हणतात. जहाज बाहेर उभं राहतं आणि छोट्या बोटीने प्रवाशांना किनाऱ्यावर नेतात. माहितीपत्रकात बंदराच्या नावापुढे बारीक अक्षरात 'टेंडर' किंवा 'अँकर' लिहिलेलं असतं, ते कुणी वाचत नाही. जहाज आणि छोटी बोट वेगवेगळ्या तालात हलतात, मधल्या फटीवरून पाऊल टाकावं लागतं. पोट आलेल्या बाईचा तोल आधीच पुढे गेलेला असतो.

म्हणून लक्षद्वीपच्या मोठ्या जहाजाच्या सफरीला माझं नाही. बेटांभोवती प्रवाळ आणि उथळ लगून, मोठं जहाज आत जाऊ शकत नाही, सगळं येणं-जाणं छोट्या बोटींनी. शिवाय गंभीर रुग्णाला तिथून हेलिकॉप्टरने कोचीला हलवावं लागतं. बेटं स्वर्गासारखी आहेत, बाळ मोठं झालं की तिघं मिळून जा.

मुंबई-गोवा एवढीच फेरी असेल तर गोष्ट वेगळी. बॅलार्ड पिअरहून संध्याकाळी निघायचं, गोव्यात मोर्मुगावला धक्का आहे, किनारा फार लांब जात नाही, विमानप्रवास नाही. जानेवारीत अरबी समुद्र साधारण शांत असतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरातल्या चक्रीवादळांचे दिवस सरलेले असतात आणि पावसाळा लांब असतो. पण या मार्गावर फिरणारी 'एम्प्रेस' ही १९९० साली बांधलेली, साधारण ४८,५०० टनांची बोट आहे. आताच्या मोठ्या जहाजांपुढे लहान, बाल्कनीच्या खोल्या थोड्याच. आणि शनिवार-रविवारच्या फेऱ्यांना कंपन्यांच्या सहली, मित्रांचे गट, रात्री उशिरापर्यंत संगीत. तुम्हाला डीजे नको आहे. गेलातच तर आठवड्याच्या मधल्या फेरीने जा, आणि नाताळ ते नववर्ष हे दिवस कुठल्याच बोटीवर टाळा.

वाळूतला_मोगरा, दुबई

दुबईबद्दल थोडक्यात. मुंबईहून विमान साधारण तीन तासांचं, हा मोठा फायदा. दुबई, अबू धाबी, दोहा तिन्ही ठिकाणी जहाज धक्क्याला लागतं आणि इस्पितळं उत्तम आहेत. हिवाळ्यात हवा सुखद असते. पण आखात उथळ आहे. शमाल नावाचा वायव्येचा वारा सुटला की आखूड, उभ्या लाटा उठतात आणि तो हिवाळ्यातही सुटतो. ज्यांना गाडी लागते त्यांना असं पाणी त्रास देतं. शिवाय इथे काही औषधांवर कडक निर्बंध आहेत, त्यामुळे प्रत्येक गोळीचं प्रिस्क्रिप्शन मूळ पाकिटासकट जवळ हवं. मी स्वतः इथे राहूनही पहिला नंबर याला देणार नाही.

पर्णिका, डोंबिवली

आम्ही दोघं मी पाचव्या महिन्यात असताना सिंगापूरहून गेलो होतो, 'गेंटिंग ड्रीम'ने. फार सुंदर गेले ते दिवस, म्हणून मनापासून लिहितेय.

जहाज दीड लाख टनांचं, ३३५ मीटर लांब. मलाक्काच्या सामुद्रधुनीला एका बाजूने सुमात्रा आणि दुसऱ्या बाजूने मलेशियाचा आडोसा, त्यामुळे उघड्या समुद्रासारखा हेलकावा नसतो. मला बस लागते, तिथे काही झालं नाही. भारतीय शाकाहारी जेवण रोज मिळायचं, वरण-भाताला मुकावं लागलं नाही.

पेनांगला जहाज जॉर्जटाऊनच्या स्वेटनहॅम धक्क्याला लागतं. उतरून जुन्या शहरात दहा-पंधरा मिनिटांत पोचता येतं. आम्ही सकाळी ऊन चढायच्या आत थोडं फिरलो, नारळपाणी प्यायलो आणि परत आलो. पोर्ट क्लांगला उतरून क्वालालंपूर करायचा मोह होतो, पण बसमध्ये एका बाजूलाच तासाहून जास्त जातो. फुकेतला बऱ्याचदा टेंडर असतो. म्हणजे सिंगापूर-पेनांग एवढीच छोटी सफर असेल ती निवडा.

आणि माझी सगळ्यात लाडकी गोष्ट: बंदराच्या दिवशी बोटीवर राहा! सगळे प्रवासी खाली उतरतात आणि एवढं मोठं जहाज तुमचं होतं. पोहण्याच्या तलावाशी चार माणसं, वाचनाच्या कोपऱ्यात शांतता, स्पामध्ये सहज वेळ मिळतो. मी तलावात नुसती तरंगत पडले होते, पाठ इतकी हलकी झाली की बाहेर यावंसं वाटेना. नवरा काठावर बसून बाळासाठी नावं वाचून दाखवत होता.

डॉ_गुलबक्षी, कोल्हापूर

पर्णिका, छान लिहिलंत. साध्या पाण्यात तरंगणं उत्तमच. पण शेजारी गरम पाण्याचा बुडबुड्यांचा हौद असतो, त्यात बसू नका, सोना आणि स्टीमही नको. शरीराचं तापमान वाढणं बाळासाठी चांगलं नाही. मालिश करायची तर गरोदर स्त्रियांना मालिश करण्याचं प्रशिक्षण घेतलेल्या व्यक्तीकडूनच, कुशीवर झोपून.

सिंगापूरचं विमान साडेपाच तासांच्या आसपास. गरोदरपणात पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याची शक्यता वाढते, म्हणून कडेची जागा घ्या, तासाभराने उठून चाला, पाणी पीत राहा, घट्ट मोजे घालायचे का ते डॉक्टरांना विचारा. तिथे डासांपासून जपा. झिका, डेंग्यू दोन्हींचा डास दिवसा चावतो. झिका परदेशातच असतो असं नाही, २०२४ च्या पावसाळ्यात पुण्यात रुग्ण सापडले होते आणि त्यात गरोदर स्त्रिया होत्या. निघायच्या आठवड्यात तिथली परिस्थिती तपासा आणि पूर्ण बाह्यांचे सुती कपडे न्या.

रानजाई, पुणे

तुम्ही सगळ्यांनी इतक्या आपुलकीने लिहिलंत, खरंच आभार. माई, तुमचं वाचून सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांच्या आईचं माहेर देवगडचं, त्या कितीतरी वेळ त्या बोटींच्या आठवणी सांगत होत्या.

लक्षद्वीप आम्ही सोडून दिलंय. आता सिंगापूर-पेनांग की मुंबई-गोवा एवढंच उरलंय. स्कॅन २६ डिसेंबरला ठरलंय. ते नीट आलं तर ६ ते ९ जानेवारीच्या आसपास जाऊन यायचं, म्हणजे एकवीस आठवडे पूर्ण झालेले असतील आणि परत आल्यावरही हातात आठवडाभर राहील. खोली कशी घ्यावी? नवरा म्हणतो सगळ्यात वरच्या मजल्यावरची, बाल्कनीची, पुढच्या टोकाची, म्हणजे समुद्र समोर दिसेल.

बंदरावरचा, रत्नागिरी

दादांना सांगा, पुढचं टोक नको. जहाज लाटेवर पुढे-मागे डुलतं तेव्हा ते मुलांच्या सी-सॉसारखं असतं: टोकं वर-खाली जातात, मधला भाग जवळपास जागेवर राहतो. जितकं वर जाल तितका डावी-उजवीकडचा झोकाही मोठा. बाजूच्या झोक्याला आवर घालायला जहाजाच्या पोटाला पंख असतात, पण पुढे-मागे डुलण्यावर त्यांचा फारसा उपयोग नाही. म्हणून लांबीच्या मध्यावर आणि शक्य तितकी खालची खोली. बाल्कनी जरूर घ्या, पण बाल्कनीच्या मजल्यांपैकी सगळ्यात खालच्या मजल्यावर, मध्यभागी. मळमळल्यावर उघडी हवा आणि स्थिर क्षितिज मिळालं की बरं वाटतं. खिडकी नसलेली आतली खोली स्वस्त पडते, पण गाडी लागणाऱ्या माणसाला मी ती देणार नाही.

जहाजाचा मजल्यांचा नकाशा कंपनीच्या संकेतस्थळावर असतो. निवडलेल्या खोलीच्या वरच्या आणि खालच्या मजल्यावर काय आहे ते बघा. वर खोल्या, खाली खोल्या, ही जागा उत्तम. वर तलावाचा डेक असेल तर पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो, खाली नाट्यगृह किंवा क्लब असेल तर रात्री ठोके ऐकू येतात. लिफ्टपासून चार-पाच खोल्या लांब, म्हणजे चालणंही कमी आणि वर्दळही कमी. एजंट 'गॅरंटी केबिन' म्हणून स्वस्त दर देईल, म्हणजे खोली कुठली ते कंपनी ठरवणार. तुमच्या बाबतीत ते नको, क्रमांक हातात असलेलीच खोली घ्या.

चढल्यावर खोली आवरणाऱ्याला सांगा की तुम्ही गरोदर आहात. जास्तीच्या उशा, कुशीवर झोपताना पायांत घ्यायला लोड, फ्रिजमधल्या दारूच्या बाटल्या काढून दूध आणि फळं ठेवायला जागा, हे सगळं आनंदाने करतात. निघण्याआधी सुरक्षेची कवायत असते, तिथेही आधी सांगितलं की बसायला जागा देतात. कवायत मात्र चुकवायची नाही, आपलं जमण्याचं ठिकाण पायांनी चालत जाऊन पाहून ठेवा.

विमावाली, मुंबई

मी विमा क्षेत्रात आहे. भारतात मिळणाऱ्या बहुतेक प्रवास विम्यांत गरोदरपणाशी संबंधित खर्च वगळलेला असतो. काहींत जिवावर बेतणारी गुंतागुंत ठरावीक आठवड्यांपर्यंत धरतात. 'परदेश प्रवासाचा विमा काढलाय' एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. विमा कंपनीला ईमेलवर तीन गोष्टी विचारा: बावीस आठवड्यांच्या गरोदर स्त्रीला अचानक रक्तस्राव झाला तर इस्पितळाचा खर्च मिळेल का, जहाजावरून किनाऱ्यावर हलवण्याचा खर्च मिळेल का, आणि डॉक्टरांनी ऐनवेळी जाऊ नका म्हटलं तर रद्द केलेल्या सफरीचे पैसे मिळतील का. उत्तर छापून सोबत ठेवा. जहाजावरच्या दवाखान्याचं बिल खोलीच्या खात्यावर चढतं, ते आधी आपण भरायचं आणि मग दावा करायचा, म्हणून प्रत्येक पावती जपा.

डॉ_गुलबक्षी, कोल्हापूर

कागदांचं निघालंच आहे तर: डॉक्टरांकडून इंग्रजीत पत्र घ्या. त्यात प्रसूतीची अपेक्षित तारीख, सफर सुरू होताना आणि संपताना किती आठवडे असतील, एकच गर्भ आहे, गुंतागुंत नाही आणि प्रवासास योग्य आहे, हे असावं. पत्र निघण्याच्या जवळच्या तारखेचं हवं. विमान कंपनीचा नियम वेगळा असतो, बहुतेकांना या आठवड्यांत अडचण नसते, पण पत्र जवळ असलेलं बरं. स्कॅनचा अहवाल, रक्तगट आणि सगळ्या गोळ्यांची यादी हातातल्या पर्समध्ये, मोठ्या बॅगेत नको. रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल तर तो ठळक लिहा.

खाण्याबद्दल एक तळमळ. बुफे दिसायला सुंदर असतो, पण कोमट पदार्थ घेऊ नका. ज्यातून वाफ येतेय ते घ्या. कच्च्या माशाची सुशी, धुरावलेला सामन, थंड मांसाचे काप, पाश्चर न केलेल्या दुधाचं मऊ चीज, अर्धवट शिजलेलं अंडं टाळा, यातून लिस्टेरिया, साल्मोनेला या जंतूंचा संसर्ग होऊ शकतो. मासे खात असाल तर नीट शिजवलेले खा, शार्क, म्हणजे आपली मोरी, मात्र पाऱ्यामुळे नको. बोटींवर नोरोव्हायरसची साथ पसरते, उलट्या-जुलाब सुरू होतात आणि गरोदर बाईला पाणी कमी पडणं परवडत नाही. हाताला लावायच्या अल्कोहोलच्या द्रवाने तो नीट मरत नाही, साबणाने आणि वाहत्या पाण्याने हात धुवायचे.

आणि बोटीवर असताना रक्तस्राव, पोटात थांबून थांबून कळ, पाणी गेल्यासारखं वाटणं किंवा जोराची डोकेदुखी, यातलं काही झालं तर 'सकाळी बघू' म्हणायचं नाही. त्याच मिनिटाला जहाजाच्या डॉक्टरांना फोन.

सह्यवेडा, नाशिक

एवढं सगळं वाचून माझी काळजी बरीच कमी झाली. तारखा, खोली, इस्पितळ इतका विचार करून कुणी जात असेल तर घरच्यांनीही आनंदाने निरोप द्यावा. माझ्या भाचीला हा धागा पाठवतोय.

सिअ‍ॅटलवासी

अमेरिकेतून वाचणाऱ्या मराठी मैत्रिणींसाठी भर घालते. उन्हाळ्यात इथून अलास्काच्या बोटी निघतात. निवडायची तर व्हँकुव्हरहून निघणारी घ्या, ती व्हँकुव्हर बेटाच्या आतल्या बाजूने जाते आणि बेटांच्या आडोशाने पाणी बराच वेळ तळ्यासारखं राहतं. सिअ‍ॅटलहून सुटणाऱ्या बऱ्याच बोटी बेटाच्या बाहेरून, उघड्या समुद्रातून जातात. केचिकन, जूनो, स्कॅगवे ही गावं छोटी आहेत, मोठं इस्पितळ लांब पडतं, हे डॉक्टरांशी बोलून ठरवा.

रानजाई, पुणे

काल डॉक्टरांकडे सगळं घेऊन गेलो. त्यांनी सिंगापूर-पेनांगला होकार दिला, अट एकच: २६ तारखेचा अहवाल पाहिल्याशिवाय पैसे भरायचे नाहीत. एजंटने त्या दिवसापर्यंत खोली धरून ठेवायला लेखी मान्यता दिली आहे, मधल्या भागातली, वर-खाली दोन्हीकडे खोल्या असलेली. नवऱ्याने पुढच्या टोकाचा हट्ट सोडला. सफरीच्या आधी सिंगापूरला एक रात्र राहणार, म्हणजे विमान उशिरा पोचलं तरी धावपळ नाही. सासूबाई आलेपाक करून देणार आहेत.

कृष्णाकाठ, सांगली

माझीही शंका विचारू का? मला फेब्रुवारीत सत्तावीस आठवडे होतील, तोपर्यंत यजमानांना सुट्टी नाही. म्हणजे क्रूझ विसरायचीच ना? पाण्यावर जायची फार इच्छा आहे.

बंदरावरचा, रत्नागिरी

हो ताई, मोठी क्रूझ नाही. सत्तावीस आठवड्यांना चांगली कंपनी घेणार नाही, आणि कुणी नियम वाकवून घेत असेल तर त्या बोटीवर पाऊल ठेवू नका. पण पाणी विसरायची गरज नाही, डॉक्टरांनी हो म्हटलं तर.

कोचीची_मावशी

कृष्णाकाठ, आमच्याकडे ये. अलप्पुळा किंवा कुमरकोमची हाऊसबोट घ्या, फक्त तुमच्या दोघांची, एका खोलीची. वेंबनाड तलावात आणि कालव्यांत लाट अशी नसतेच. दिवसा फिरते आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला काठाला बांधून ठेवतात, कारण रात्री कोळ्यांची जाळी पडतात. म्हणजे रात्रभर तुम्ही जमिनीला लागूनच. रस्त्याजवळ बांधायला सांगा. वंडानमला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, कोट्टायमलाही आहे. एसी पूर्ण वेळ हवा असं बुकिंगलाच सांगा, साध्या बोटींत तो रात्री नऊनंतरच लावतात आणि फेब्रुवारीत दुपारी उकडतं. चढताना फळीला कठडा आहे का ते आधी फोटो मागवून बघ. स्वयंपाकी बोटीवरच असतो, तिखट कमी घालायला सांगितलं की घालतो. करिमीन मासा तव्यावर भाजून देतात, अप्रतिम लागतो.

कृष्णाकाठ, सांगली

मावशी, किती छान! पण सांगलीहून कोची म्हणजे विमान बदलून जावं लागेल. जवळचं काही?

बंदरावरचा, रत्नागिरी

मग मुंबईत कुणाकडे उतरणार असाल तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला २०२० पासून मोठी रो-रो बोट जाते. गाडी आत चढते, तासाभरात पलीकडे. लिफ्टची सोय विचारून घ्या, वरच्या मजल्यावर वातानुकूलित बसायची जागा आहे. सकाळच्या फेरीने जा, दुपारनंतर वारा वाढतो. मांडव्याहून अलिबागला गाडीने अर्धा-पाऊण तास, तिथे जिल्हा रुग्णालय आहे. किनाऱ्यालगतची तळमजल्यावरची खोली घ्या आणि परतीचं तिकीट आधीच काढून ठेवा, रविवारी संध्याकाळी गर्दी फार असते.